बंदरातली फुगडी

आजऱ्याच्या समाजमंदिरात हौसाक्का आणि तिची धाकटी जाऊ शेवंता तारांचे हातमोजे-पट्टे चढवून कामाला उभ्या होत्या. त्यांनी इथे हात उचलला, की नॉर्वेच्या बंदरात दोन लोखंडी गडी खोकी उचलत. तिथे माणूसच मिळेना, म्हणून तिथल्या मुकादमबाईंनी या दोघींना आठवडाभर पारखायला घेतलं होतं. सत्तरीत आलेली पहिली नोकरी टिकणार का, ते आज ठरणार होतं.

शेवटचं खोकं ठेवलं, तोच बाहेर गौरीची गाणी सुरू झाली.

“अक्का, झेपंल का फुगडी?” शेवंतानं डिवचलं.

“ये की, तुझीच कंबर मोडती का बघू!”

पट्टे काढायचं राहूनच गेलं. समोरच्या पडद्यावर बंदरातले लोखंडी गडीही हात धरून गरागरा फिरू लागले. ते दिसताच हौसाक्का मटकन बसली.

“गेली गं नोकरी!”

मुकादमबाईंचा फोन आला. यंत्र त्यांचं बोलणं मराठीत सांगू लागलं, “दोघी कायम. आणखी बायका मिळतील?”

हौसाक्का उठली. “चाळीस मिळतील. पण गौर परवा जाणार. तोवर कोण रिकामी न्हाई.”

“आम्ही थांबतो. फक्त पट्टे काढू नका. इथे सगळे बघायला जमलेत.”

दोघींनी पुन्हा हात धरले.