जोडी जमलीय

ऑस्वाल्ड गुडघ्यांवर हात टेकून उठू लागला, तसा अप्पाने टीव्हीवरची नजर न काढता हात आडवा केला.

"बस. जोडी जमलीय. जागा सोडायची नाही."

ऑस्वाल्ड पुन्हा खुर्चीत टेकला. गिरगावातल्या त्या खोलीत हा कायदा दोघांना मिसरूड फुटल्यापासून चालत आलेला. आपली जोडी खेळत असली की ज्याने त्याने आहे तिथेच राहायचं. एकदा ऑस्वाल्ड पाणी प्यायला उठला आणि विकेट गेली, तिचं खापर अजून त्याच्या डोक्यावर फुटायचं. खरं तर त्याचा ह्या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तसं तो दर वेळी सांगायचा, आणि सांगून झालं की गपचूप बसून राहायचा.

पण आज तो पाच मिनिटांसाठी आला होता. खोताच्या वाडीतलं त्याचं घर सकाळीच रिकामं झालं होतं. सामानाचा टेम्पो पुढे वसईला गेला होता. बायको ओल्गा गेल्यापासून तो एकटा, त्यात हे गुडघे आणि घरातला तो उभा लाकडी जिना. शेवटी त्याच्या मुलीने, कॅरिसाने, त्याला कायमचं आपल्याकडे न्यायचं ठरवलं. ती खाली गाडी लावून थांबली होती. गिरगावात गाडी लावून थांबणं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालून बसणं.

हे सगळं अप्पाला महिनाभर माहीत होतं. महिनाभरात त्याने त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं. एरवी अप्पाचं मत नाही असा विषय औषधालाही सापडला नसता.

"ह्या आमदारांचा लिलाव टीव्हीवर दाखवायला पाहिजे," तो आत्ताही म्हणाला. "खेळाडूंचा दाखवतात ना, तसा. निदान आपला कितीला गेला ते तरी कळेल."

"हं," ऑस्वाल्ड म्हणाला. त्याचं मत बहुतेक वेळा उलटं असायचं. पण अप्पाशी वाद घालायचा तर घरी जेवायला येत नाही म्हणून कळवावं लागे.

"आणि नाटकं बघ. तीन अंकी होती तेव्हा माणूस जरा टेकून बसायचा. आता दोन अंकांत उरकतात. सगळ्याचं टी-ट्वेंटी करून टाकलंय."

"हं."

"कोथिंबीर घे. भाजीवाला फुकट टाकायचा पिशवीत. जुडीचे पैसे लागायला लागले ना, त्या दिवशी हा देश गेला. मग सरकार कुठलं का येईना." तो थांबला. "आता स्लिप काढेल बघ हा मूर्ख कॅप्टन."

कॅप्टनने स्लिप काढली. आज अप्पाचा एकही अंदाज चुकत नव्हता. एवढी जोडी जमली होती, पण चाळीत कुठूनही साधी आरोळी येत नव्हती.

"मेट्रोचं स्टेशन झालं ना आता इथे," ऑस्वाल्ड हळूच म्हणाला. "मी येत जाईन रे मधून मधून."

"जमिनीखालून जाते ती. माणसाने खिडकीतून बघायचं काय, स्वतःचं तोंड?"

"मग तू ये वसईला. कॅरिसाकडे मोठा टीव्ही आहे."

दादरच्या पुढे मुंबई संपते, हे अप्पाचं सगळ्यांत जुनं मत. चाळीतल्या पोरांनाही ते पाठ होतं. आज ते त्याच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. कारण ते बोललं असतं तर ऑस्वाल्ड कुठे चाललाय हेही बोलावं लागलं असतं. तो स्कोअरकडे बघत राहिला.

खाली हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला. थोड्या वेळाने कॅरिसाच वर आली.

"डॅडी, चला ना. पोलीस दोनदा टोकून गेला. अप्पा अंकल, सॉरी हां, पण नंतर हायवेला खूप ट्रॅफिक लागतो."

अप्पाने तिच्याकडे पाहिलं नाही.

"ही जोडी आहे तोवर थांब गो बाय," तो म्हणाला. "मग ने त्याला."

आवाज असा निघाला की कॅरिसा दारातच थांबली. तिने वडिलांकडे पाहिलं. ऑस्वाल्ड टीव्ही बघत होता.

तेवढ्यात अप्पाची बायको, अंबिकावहिनी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात कोकमाची पिशवी होती, ऑस्वाल्डसाठी बांधलेली. ती कॅरिसाला देता देता त्यांची नजर टीव्हीवर गेली आणि त्या जागीच थबकल्या.

"अहो, हे काय लावून बसलात? ही रविवारचीच मॅच ना? दोघांनी इथेच बसून तर बघितलीत. हरलो की आपण. त्या दिवशी जेवलासुद्धा नाहीत तुम्ही."

अप्पाने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते. कॅरिसाने पिशवी घेतली आणि वडिलांना उठवायला हात पुढे केला.

ऑस्वाल्डने तो हात धरला नाही. त्याने खुर्ची थोडी अप्पाच्या बाजूला सरकवली आणि पाय लांब केले.

"वहिनी, आहात तिथेच थांबा जरा," तो म्हणाला. "कॅरिसा, तू पण हलू नको. विकेट जाईल."