आईचे दात

नातीनं पुण्याहून आणलेली चिंचिला, सशाहून लहान, रेशमागत केसांची, सकाळी व्याली. बाळंतपणाच्या रीतीनं जाईबाईनं दोन्ही पिल्लं कोमट पाण्यानं न्हाऊ घातली आणि तिथंच घात झाला. अंगचा वास धुतला गेला, तशी आई पिल्लांना ओळखेना. जवळ नेलं की चावायला धावायची. दुपारी एक पिल्लू गार पडलं. दुसरं शेळीच्या दुधाचा थेंबही गिळेना. “शेळीनं करडू झिडकारलं तर काय करतो आपण?” नवरा हिंदुराव म्हणाला. आई ज्या मातीत लोळायची, ती त्यानं पिल्लाला चोळली आणि पिल्लू तिच्या पोटाशी लावलं. आईनं हुंगलं आणि चावायला मान वळवली. हिंदुरावानं मध्ये आपलं बोट घातलं. दात हाडापर्यंत रुतले. “आवं, हात काढा, रगात वाहतंय,” जाईबाई रडकुंडीला आली. “गप ऱ्हा जरा. तिचं तोंड गुतलंय, तवर पिल्लू पितंय.”