देवमाशाचा रोल

कोकणच्या बोटीवरून सुरेशचंदनं देवमाशाचा फोटो काढला आणि धुळ्याच्या अख्ख्या आग्रा रोडवर सांगत सुटला, "आमच्या भाईसाबांना खुर्चीतलं माणूस धड टिपता येत नाही, मी उसळता देवमासा टिपला!"

वर तोच रोल धुवायला थोरल्या भावाच्याच, मिश्रीलालच्या स्टुडिओत टाकून गेला.

मिश्रीलाल अंधाऱ्या खोलीत गेलाच नाही. भर दुपारी ओट्यावर बसून त्यानं रोल वीतवीत उलगडला आणि त्याला पोटभर ऊन दाखवलं. संध्याकाळी तोंड पाडून म्हणाला, "काहीच उमटलं नाही रे. खारी हवा लागली असेल."

भावाचा उतरलेला चेहरा पाहून त्याचं काळीज निवलं.

त्याच आठवड्यात आई अचानक गेली. हार घालायला घरात तिचा एकही फोटो नव्हता. फोटोनं आयुष्य घटतं म्हणून ती मिश्रीलालच्या कॅमेऱ्यापुढेही कधी बसली नव्हती.

सुरेशचंद हुंदका देत म्हणाला, "माझ्यापुढे एकदा बसली होती, भाईसाब. 'देवमाशाला काही झालं नाही ना? मग माझाही काढ,' म्हणाली. तुम्हाला चकित करायचं होतं, म्हणून बोललो नाही. त्या रोलवर शेवटचा फोटो माँचा होता."