वर केलेला हात

"औंदा सरपंच बिनविरोध करू. भांडण नको न् तंटा नको," सटवाजी पाटील बैठकीत म्हणाले. समद्यांनी हात वर केले. मागं बायांत बसलेल्या जनकाबाईनंही केला. गाव एक होऊन राहिलं, तर आपण काहून आडवं यावं?

घरी येऊन ती लाडू वळायला बसली. तिचा लेक धम्मानंद पुण्याला कंपनीत. पाच वर्षांतून एकदा, सरपंचाच्या मतदानालाच यायचा. त्या दिवशी कंपनी सुट्टी द्यायची अन् उमेदवार गाडी धाडायचा. मागच्या खेपंला नात मांडीवर मावत होती. औंदा तिच्यासाठी सेनगावच्या बाजारातून फ्रॉक आणला होता, अंदाजानंच.

तिसऱ्या दिवशी बाकीच्यांनी अर्ज मागं घेतले. सांजच्याला धम्मानंदचा फोन आला.

"आई, मी येऊन न्हाई राहिलो."

"काहून रे? लाडू झाले की."

"उभा एकच माणूस हाय, आई. मतदानच न्हाई, तर सुट्टी कशाची मागू?"

जनकाबाई तशीच उठली. चावडीवर गुलाल उधळून राहिले होते. गर्दीतून वाट काढत ती पाटलांसमोर जाऊन उभी राहिली.

"पाटील, माझा हात तेवढा मोजू नका. मला मतदान पायजे."

पाटलांनी हसून तिच्या हातावर पेढा ठेवला.

"हात मोजलेच कोणी, जनकाबाई?"