निघतानाचा शब्द

“काका, साहेबांसमोर मोठ्याने म्हणा, ‘माझा इथे काही हक्क नाही, मी कायमचा जातो,’” दुभाषी मुलगी म्हणाली. “मगच देश सोडायचा शिक्का मिळेल.”

घाडीकाका पायांखाली बघत राहिले. सत्तावीस वर्षं या परक्या देशात त्यांनी फरश्या बसवल्या होत्या. साठी उलटली आणि राहण्याचा परवाना संपला.

“या कचेरीतली ही फरशी मी बसवलीय, पोरी. आणि निघताना आपल्यात कुणी ‘जातो’ म्हणतं का?”

“काका, नियम आहे.”

काका काउंटरवरच्या अधिकाऱ्याकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “येतो!”

“काय म्हणाला?” त्याने मुलीला विचारलं.

तिचा स्वतःचा परवाना मार्चमध्ये संपणार होता.

“पुन्हा येणार म्हणतात, साहेब. आणि ही फरशी त्यांची आहे.”