ज्ञ झाल्यावर

थिएटरच्या पायऱ्या उतरता उतरता तिनं फोन चालू केला आणि तो हातात थरथरतच राहिला. सगळे कॉल नणंदेचे. खाली एकच निरोप होता: ‘वहिनी, निघाले आहे. मी पोचेपर्यंत आईला नेऊ नका.’

ती पायरीवरच बसली. मागून येणारी माणसं हसत-बोलत तिला वळसा घालून खाली गेली. तिच्या हातात अर्धा खाल्लेला पॉपकॉर्नचा पुडा होता. सासूबाई गेल्या, आणि आपण पॉपकॉर्न खात होतो.

ती चित्रकार होती. मुलांच्या सचित्र शब्दकोशाचं काम घेतलं तेव्हा वाटलं होतं, चित्रंच तर काढायची, चुटकीसरशी होईल. पण अननसापासून निघालेली ती वरात काही केल्या मांडवात पोचेना. ‘ण’ आणि ‘ळ’पासून शब्द सुरू होत नाहीत, तेवढीच काय ती त्या दोघांची कृपा. घरात चांगला उजेड एकाच खोलीत, आणि त्याच खोलीत सासूबाईंचं अंथरूण. नवरा बोटीवर नोकरीला. त्यामुळे कंबर मोडून पडलेल्या सासूबाई आणि शब्दकोश, दोघांचं तिलाच करावं लागलं. खरं सांगायचं तर शब्दकोशाचं जास्त केलं. सासूबाईंना गप्पांची भारी हौस. “अगं, उंटाच्या पाठीवर ते कुबड आहे की उशी?” असं त्या पडल्या पडल्या विचारायच्या. ही मान न वळवता ‘हं’ म्हणायची. कधी कधी तेही नाही.

आज सकाळी ज्ञानी माणसाच्या कपाळावर शेवटची आठी पडली आणि ‘ज्ञ’ झाला. काम संपलं की एकटीनं, फोन बंद करून, एक सिनेमा बघायचा, हे बक्षीस तिनं स्वतःला केव्हाच कबूल केलं होतं. शेजारच्या काकूंना घरी बसवलं. “प्रकाशकाकडे जाऊन येते,” असं बेधडक ठोकून दिलं. सिनेमाला जाते म्हणायची लाज वाटली. “जा हो, सावकाश ये,” सासूबाई म्हणाल्या होत्या. तेव्हाही हिनं त्यांच्याकडे बघितलं नव्हतं, चपला शोधत होती. मग तिकिटाच्या रांगेत उभ्या उभ्या नणंदेला खूशखबर कळवली आणि फोन बंद केला.

आता टॅक्सीत बसून तिनं काकूंना फोन लावला. तो वाजतच राहिला. काकू फोन पिशवीत ठेवतात आणि पिशवी कुठे ठेवली ते विसरतात. नणंदेचा तर लागेचना. रडू येईल म्हणून तिनं रुमाल काढून ठेवला, पण रडू आलं नाही. आलं ते भलतंच. खिडकीपाशी आता मोठं टेबल मावेल, असं तिच्या मनात आलं. आलं आणि लगेच गेलं, पण आलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, इथे तर मनच वैऱ्याच्या वरताण निघालं. तिला स्वतःची शिसारी आली. ती ड्रायव्हरला उगाचच “लवकर चला हो, लवकर” म्हणत राहिली.

घराचं दार सताड उघडं होतं. नणंदेच्या चपला एक इकडे, एक तिकडे. आतून हमसून हमसून रडण्याचा आवाज येत होता. ती भिंतीला धरून खोलीच्या दारापर्यंत गेली.

सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीत तोंड खुपसून नणंद रडत होती, आणि सासूबाई तिच्या केसांतून हात फिरवत होत्या.

काकूंनी तिला दारातच गाठलं. “काय बाई ही पोर! ‘आई गेली हो’ म्हणून ओरडतच घरात शिरली. तुमच्या सासूबाईंनी डोळे उघडले आणि विचारलं, ‘कुठे?’ तेव्हापासून रडतेय, थांबायचं नाव नाही.”

नणंदेनं मान वर न करताच फोन पुढे केला. “वहिनी, हे काय लिहिलंस गं?”

निरोप हिचाच होता: ‘आज संपलं सगळं. आता ये.’

तसं लिहायला कारणही होतं. नणंद गावाच्या दुसऱ्याच टोकाला राहायची. ‘तुझं काम चाललेलं असतं, मध्ये माझी लुडबुड कशाला? संपलं की कळव, येते,’ असं ती दर वेळी म्हणायची. आणि हिलाही ते सोयीचं होतं. एक माणूस कमी, एक चहा कमी, चित्र एक जास्त. सासूबाई मात्र दर रविवारी दाराकडे तोंड करून झोपायच्या.

हिला आधी हसू फुटलं, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती अंथरुणापाशी गुडघ्यांवर बसली. किती दिवसांनी ती सासूबाईंच्या तोंडाकडे नीट बघत होती. त्या बऱ्याच वाळल्या होत्या.

“आई, माझं चुकलं,” ती म्हणाली. “मी प्रकाशकाकडे नाही, पिक्चरला गेले होते. आणि ते ‘संपलं’ म्हणजे आपला शब्दकोश...”

सासूबाईंनी पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. लेकीच्या केसांतला दुसरा हात फिरतच होता. त्यांचा चेहरा खुलला होता.

“गप गं,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “रडू दे तिला अजून थोडं. मेल्यावर मला थोडंच बघायला मिळणार आहे?”