दिसल्यास कळवा

फोन ठेवून शिंप्याने मुलीला हाक मारली. "तुझ्या दादाचं पान उघड. आजच बदलून टाकू."

फोनवर कुणी भला माणूस होता. तुमचा हरवलेला मुलगा आत्ताच बस स्टँडवर दिसला, असं सांगत होता. ते ऐकून आईने पायात चपला सरकवल्यासुद्धा. मुलाला मागच्याच आठवड्यात नदीतून बाहेर काढलं होतं, आणि ओळख तिनेच पटवली होती. शिंप्याने तिला दंडाला धरून आतल्या खोलीत नेऊन बसवलं.

मुलीने कॉम्प्युटर लावला. दादा घरी आला नाही तेव्हा इंटरनेटवरचं हे पान तिनेच केलं होतं. रोज नवं काही लिहायचं असायचं, म्हणून तिने बाबांनाही पान लिहायच्या खुणा शिकवल्या. एच-वन म्हणजे मोठं शीर्षक, पी म्हणजे परिच्छेद, बीआर म्हणजे ओळ तोडायची. शीर्षकाची, परिच्छेदाची खूण उघडली की मिटायची. "कळलं," शिंपी तेव्हा म्हणाला होता, "काज केलं की बटण आलंच."

आज त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. शीर्षकातलं 'हरवला आहे' पुसून तिथे मुलाचं नाव लिहिलं. खाली एकेक अक्षर शोधत लिहिलं : 'आमचा मुलगा आता नाही. ज्यांनी ज्यांनी शोधलं, त्यांचे उपकार आहेत.' फोन नंबर काढून टाकला.

पुढच्या परिच्छेदावर त्याचं बोट अडलं.

'अंगात निळा सदरा, घरीच शिवलेला. बोलताना अडखळतो, त्याला घाई करू नये. हाक मारली की लगेच वळून बघतो.'

"हे कसं पुसू गं?"

मुलीने परिच्छेदाच्या आधी एक कंस, उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघा टाकल्या. शेवटी दोन रेघा टाकून कंस मिटला. "पुसवत नसेल तर असं करायचं, बाबा. पानावर येत नाही, पण फाईलमध्ये राहतं."

"कुणालाच दिसणार नाही?"

"फाईल उघडेल त्यालाच."

त्याने पान पुन्हा उघडून पाहिलं. नाव, दोन ओळी, आणि खाली नुसतं पांढरं.

आई मागे कधी येऊन उभी राहिली, दोघांनाही कळलं नाही. तिने वरपासून खालपर्यंत वाचलं.

"बाकीचं कुठं गेलं?"

मुलगी काही सांगायला गेली. शिंप्याने तिच्या हातावर हात ठेवला.

"आहे," तो म्हणाला. "आतच आहे. फक्त दिसत नाही."